वेबसाइटवरचे फोटो आणि बँडविड्थचं बिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या-मोठ्या मराठी साइट चालवणारे लोक फोटोंबद्दल तेच तेच प्रश्न सारखे पाठवत असतात. न्यूज पोर्टल, साडीचं दुकान, कोकणातला होमस्टे, ट्रेकिंगचा ब्लॉग, गावच्या पतसंस्थेची साइट, सगळ्यांचं दुखणं सारखंच असतं, म्हणून उत्तरं इथे एकत्र केलीयेत. सरळ क्रमाने वाचा किंवा आपला प्रश्न शोधून तेवढाच वाचा. जिथे एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे नंबर दिलाय.

१. बँडविड्थचं बिल म्हणजे नक्की कशाचे पैसे? आणि त्यात फोटोंचा काय संबंध?

तुमच्या सर्व्हरवरून वाचकाच्या मोबाइलपर्यंत जेवढा डेटा जातो त्याचे पैसे. काही होस्टिंगवाले महिन्याला ठराविक जीबी देतात, क्लाउडवाले प्रत्येक जीबीमागे पैसे लावतात. एका पानावरचा मजकूर काही केबीचा असतो आणि त्याच पानावरचे सहा फोटो मिळून सहज ४ एमबी होतात, त्यामुळे साध्या साइटवर बिलाचा मोठा वाटा फोटोंचाच निघतो.

हिशोब करून बघा. दिवसाला ५०,००० वेळा उघडली जाणारी न्यूज साइट, एका पानावर ३ एमबी फोटो, म्हणजे दिवसाला १५० जीबी आणि महिन्याला साडेचार टीबी. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमधून (म्हणजे तिथल्या क्लाउड सर्व्हरवरून) इंटरनेटवर डेटा बाहेर जायचा दर साधारण ०.११ डॉलर प्रति जीबी धरला तर महिन्याला पाचशे डॉलरच्या आसपास जातात. तेच फोटो ६०० केबीत बसवले तर बिल शंभर डॉलरच्या आत येतं, आणि वाचकाला फरक दिसतही नाही.

२. आमचं होस्टिंग "अनलिमिटेड" आहे, मग आम्ही कशाला त्रास घ्यायचा?

अनलिमिटेडच्या खाली बारीक अक्षरात वापराच्या अटी असतात, त्या एकदा वाचा. दुसरं म्हणजे बिल फक्त तुम्ही भरत नाही, वाचकही भरतो. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर चालणाऱ्या माणसाने तुमची दहा पानं उघडली आणि त्याचे ४० एमबी गेले तर ते त्याच्या खिशातून गेले. घाटात, डोंगराळ गावात जिथे रेंज एक काडीची असते तिथे तर पान उघडतच नाही, माणूस कंटाळून परत जातो.

३. सुरुवात कुठून करू? कुठले फोटो जास्त खातायत हे कसं कळणार?

आधी मोजा, मगच कॉम्प्रेस करा, म्हणजे फाइल दाबून लहान करा. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कमध्ये जाऊन कॅश (ब्राउझरने आधीच जपून ठेवलेल्या प्रती) बंद करा, इमेजचा फिल्टर लावा, पान रीलोड करा आणि साइजप्रमाणे लावून बघा. हे झालं एका पानाचं. पूर्ण साइटचं खरं चित्र सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये असतं, तिथे प्रत्येक फाइल किती वेळा गेली आणि किती बाइट गेले हे लिहिलेलं असतं. दोन्हीचा मेळ घालून बेरीज केली की यादी मिळते आणि त्यात वरच्या वीस-तीस फाइलीच बरंचसं वजन उचलताना दिसतात. हेडरमधला लोगो, प्रत्येक पानावर येणारा बॅनर, साइडबारमधली जाहिरात, हेच बहुतेक वेळा असतं. दहा हजार जुने फोटो कॉम्प्रेस करत बसण्यापेक्षा हे वीस आधी नीट करा.

४. साइटवर फोटो छोटाच दिसतो, तरी फाइल ४ एमबीची का?

कारण छोटा "दाखवलाय", छोटा "केलेला" नाही. स्टाइलमध्ये रुंदी कमी लिहिली की ब्राउझर पूर्ण फोटो उतरवतो आणि मग स्क्रीनवर आकसून दाखवतो, पैसे पूर्ण फोटोचे जातात. मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते हेच, की बहुतेक बिल हे कोणालाच न दिसणाऱ्या पिक्सेलचं असतं, फॉरमॅट आणि क्वालिटी नंतर येतात.

मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४०३२ बाय ३०२४ असतो. लेखाच्या मधल्या पट्ट्यात तो १२०० रुंदीत दिसणार असेल तर १२०० बाय ९०० पुरतो, म्हणजे पिक्सेल अकरापट कमी. क्वालिटीला हातसुद्धा लावलेला नाही आणि ४ एमबीचे चारशे केबीच्या आसपास आले. म्हणून क्रम असा ठेवा: आधी क्रॉप, मग रीसाइझ, मग फॉरमॅट, आणि सगळ्यात शेवटी क्वालिटीचा आकडा.

५. क्वालिटी किती ठेवायची? ६०, ८०, ९०?

साध्या फोटोसाठी जेपेगमध्ये ७५ ते ८२ च्या मध्ये कुठेतरी. ९० च्या वर गेलं की फाइल भराभर फुगते आणि डोळ्याला काही मिळत नाही. पण हा आकडा म्हणजे टक्के नाहीत आणि प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्याचा अर्थ वेगळा असतो, फोटोशॉपचे ८० आणि दुसऱ्या टूलचे ८० एक नाहीत, वेबपीचे ८० तर अजून वेगळे. एकदा आपल्या टूलमध्ये चार-पाच फोटो वेगवेगळ्या आकड्यांवर करून शेजारी ठेवून बघा आणि ठरवा.

"प्रत्येक फोटो १०० केबीच्या आत" असा सरसकट नियम लावू नका. फोटोत जेवढं बारीक तपशील तेवढे बाइट लागतात. मोकळं आकाश आणि समुद्र ४० केबीत छान दिसतो, पण पावसाळ्यातला हिरवागार उतार, जिथे प्रत्येक गवताचं पातं वेगळं, किंवा पैठणीचा जरीचा पदर, त्याला तेवढ्याच मापात तिप्पट-चौपट लागू शकतात. पदर १०० केबीत कोंबला तर जरीकाम मातकट दिसतं आणि गिऱ्हाईक फोन करून विचारतं की कापड असंच आहे का. साडीच्या दुकानाने तिथे बाइट खर्च करावेत आणि मागच्या कोऱ्या भिंतीवर वाचवावेत.

आणि एकदा कॉम्प्रेस झालेला जेपेग परत परत कॉम्प्रेस करू नका, दरवेळी थोडं थोडं नुकसान साठत जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो आधीच दाबलेला असतो, फोटोग्राफरकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा.

६. जेपेग, पीएनजी, वेबपी, एव्हीआयएफ... नक्की कुठला?

जेपेगचं स्टँडर्ड १९९२ चं आहे आणि फोटोंसाठी आजही बऱ्यापैकी चालतं. पीएनजी १९९६ चा, त्यात काहीच हरवत नाही, म्हणून लोगो, आकृत्या, स्क्रीनशॉट यांना चांगला, पण कॅमेऱ्याचा फोटो पीएनजीत सेव्ह केला की जेपेगच्या पाच-दहापट होतो. ही चूक साइटवर इतकी सर्रास दिसते की प्रश्न ३ ची यादी काढली की पहिल्यांदा पीएनजीमधले फोटोच शोधा.

वेबपी गूगलने २०१० मध्ये आणला, गूगलच्याच मोजणीनुसार तो तेवढ्याच दिसण्याला जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान होतो. सफारीने २०२० मध्ये घेतल्यावर आता सगळीकडे चालतो. एव्हीआयएफ हा एव्ही१ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीवर (कोडेकवर) उभा आहे, अजून लहान होतो, क्रोममध्ये २०२० पासून, फायरफॉक्समध्ये २०२१ पासून, सफारीत २०२२ पासून आणि एजमध्ये २०२४ पासून चालतो, पण बनवायला वेळ आणि सीपीयू जास्त लागतो, त्यामुळे स्वस्तातल्या होस्टिंगवर शेकडो फोटो एकदम करायला गेलात तर सर्व्हर गुदमरतो.

माझं मत विचाराल तर छोट्या साइटने सरळ वेबपी घ्यावा आणि काम संपवावं. ट्रॅफिक खूप असेल तर पानाच्या एचटीएमएलमधल्या पिक्चर टॅगमध्ये आधी एव्हीआयएफ, मग वेबपी, शेवटी जेपेग असं लावा, ब्राउझर आपल्याला समजणारा पहिला उचलतो. आयफोनचे एचईआयसी फोटो तसेच चढवू नका, क्रोममध्ये ते दिसत नाहीत. लोगो आणि आयकॉन शक्यतो एसव्हीजीमध्ये, त्यात चित्र काढायच्या सूचना मजकुरासारख्या लिहिलेल्या असतात, कुठल्याही मापात स्वच्छ दिसतो.

७. आमच्या बॅनरवरची मराठी अक्षरं कॉम्प्रेस केल्यावर फुटतात, अनुस्वारच दिसत नाही. काय करायचं?

दोन गोष्टी एकदम होतात. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येकातलं बारीक तपशील कमी करतो. फोटोत ते खपून जातं, पण शिरोरेषेची सरळ कड, त्यावरचा अनुस्वार, रफार, जोडाक्षरांमधल्या छोट्या फटी, हे सगळं म्हणजे बारीक तपशीलच, त्यामुळे अक्षरांभोवती कचऱ्यासारखे ठिपके येतात. दुसरं, जागा वाचवायला रंगाची माहिती दोन्ही दिशांना निम्मी केली जाते आणि फक्त उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवली जाते. काळ्या-पांढऱ्या अक्षरांना याने फारसं काही होत नाही. पण आपल्याकडचे बॅनर म्हणजे भगव्यावर लाल, हिरव्यावर लाल, निळ्यावर पिवळं, तिथे कडा रंगानेच बनलेली असते आणि तीच पुसट होते.

साधा लॉसी (लहान करताना काही तपशील गमावणारा) वेबपी रंग नेहमी असाच निम्मा करतो, त्यामुळे "वेबपीला क्वालिटी ९५ दिली तरी लाल अक्षरं भुरकट" ही तक्रार खरी आहे. उपाय असे: सपाट रंगाचं ग्राफिक असेल तर लॉसलेस (काहीच न गमावणारा) वेबपी, किंवा २५६ रंगांपर्यंत आणलेला पीएनजी, पीएनजीक्वांटसारखं टूल हे छान करतं. फोटोवरच अक्षरं असतील तर जेपेग एक्सपोर्ट करताना रंग निम्मे करणं बंद करा, सेटिंगमध्ये ४:४:४ लिहिलेलं असतं, आणि क्वालिटी ८८-९० ठेवा. पण खरा उपाय म्हणजे फोटो वेगळा आणि अक्षरं वेगळी, फोटो मागे टाकून वर मजकूर टाइप करायचा. फोटो हवा तेवढा दाबा, अक्षरं कायम कोरीव राहतात आणि मोबाइलवर आपोआप मोठी होतात.

८. नोटीस, परिपत्रकं, निमंत्रणं आम्ही इमेज करूनच टाकतो, कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर साइटवर दिसत नाही. हे चालेल ना?

दिसतं, पण महाग पडतं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह युनिकोडमध्ये, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, ३ बाइट घेतं. दोन हजार चिन्हांची नोटीस झाली ६ केबीची, आणि सर्व्हर ती जाताना दाबतो म्हणजे अजून कमी. तीच नोटीस इमेज म्हणून तीन-चारशे केबीची होते. वर ती गूगलला सापडत नाही, कॉपी होत नाही, आणि अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तिथे काहीच सापडत नाही, हे मला बिलापेक्षाही जास्त लागतं.

श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर त्याचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. रूपांतरानंतर रफार, ऱ्य आणि श्र-क्ष एकदा डोळ्याखालून घाला, चुका बहुतेक तिथेच होतात.

९. मग सही-शिक्क्याचा स्कॅन तर इमेजच लागणार, तो कसा लहान करायचा?

नुसता काळा मजकूर असेल तर रंगीत स्कॅन करू नका. ए४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, रंगीत जेपेगमध्ये ते सहज एक-दोन एमबी जातं, तेच शुद्ध काळं-पांढरं, ग्रुप ४ हे काळ्या-पांढऱ्यासाठीचं कॉम्प्रेशन लावून पीडीएफ केलं तर बरेचदा शंभर केबीच्या आत बसतं. निळी सही आणि जांभळा शिक्का महत्त्वाचा असेल तर रंग ठेवा पण १५० डीपीआयला आणा.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. पीडीएफ लहान करणाऱ्या टूलमध्ये जेबिग२ या काळ्या-पांढऱ्या स्कॅनच्या कॉम्प्रेशनचा लॉसी प्रकार असेल तर तो बंदच ठेवा. तो सारख्या दिसणाऱ्या आकारांना एकच समजून एकाच्या जागी दुसरा चिकटवतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सची काही मशीन स्कॅन करताना आकडेच बदलत होती, ६ चा ८ होत होता आणि पान दिसायला एकदम स्वच्छ. सातबारा, गट नंबर, खात्यातली रक्कम, औषधाचा डोस अशा कागदावर हे झालं तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. असल्या कागदांना लॉसलेसच, मग फाइल मोठी झाली तरी चालेल.

१०. वर्डप्रेस हे सगळं आपोआप करतं ना?

बरंचसं करतं, पूर्ण नाही. २०१५ च्या ४.४ व्हर्जनपासून एकाच फोटोची वेगवेगळी मापं ब्राउझरपुढे ठेवतं, ४.५ पासून जेपेग ८२ क्वालिटीला बनवतं, २०१९ च्या ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपोआप तेवढ्यावर आणतं, वेबपी २०२१ च्या ५.८ पासून आणि एव्हीआयएफ २०२४ च्या ६.५ पासून चढवता येतो. पण २५६० म्हणजे लेखातल्या फोटोसाठी दुप्पट, आणि ५.३ मध्ये आलेला हा नियम पीएनजीला लावलेला नव्हता. थीममध्ये किंवा पेज बिल्डरमध्ये माप "फुल" निवडलेलं असेल तर सगळी मेहनत वाया जाते, आधी तिथे "लार्ज" करा.

चढवलेला जेपेग वर्डप्रेस स्वतःहून वेबपी करत नाही, त्याला प्लगइन लागतं. प्लगइन एकच ठेवा, दोन-दोन ठेवले की तोच फोटो दोनदा दाबला जातो, त्याचा परिणाम प्रश्न ५ मध्ये आहे.

११. वेगवेगळ्या मापांचे फोटो दिलेत तरी मोबाइल मोठाच उचलतो, असं का?

दोन कारणं. एक, इमेज टॅगच्या एसआरसीसेटमध्ये मापं दिली पण फोटो पानावर किती रुंद दिसणार हे सांगणारं साइझेस लिहिलं नाही तर ब्राउझर धरून चालतो की फोटो स्क्रीनच्या पूर्ण रुंदीचा आहे, मग तीन कॉलमच्या ग्रिडमधल्या छोट्या चौकोनालाही तो पूर्ण रुंदीचाच आणतो. साइझेस नीट लिहा. दुसरं, आजच्या मोबाइलची स्क्रीन दाट असते, ३६० रुंदीच्या स्क्रीनला तिप्पट म्हणजे १०८० पिक्सेल लागतात असं तो समजतो. तिप्पट आणि दुप्पट यातला फरक फोटोत डोळ्याला जाणवत नाही, म्हणून मी दुप्पटच्या वर जात नाही.

मोबाइलवर स्टाइलमध्ये डिस्प्ले नन लिहून लपवलेला फोटोही उतरतोच, हे पण लक्षात घ्या. लपवला म्हणजे वाचला असं नसतं.

१२. लेझी लोडिंगने बिल कमी होतं की फक्त पान लवकर उघडतं?

लेझी लोडिंग म्हणजे वाचक खाली येईपर्यंत खालचे फोटो न उतरवणं. दोन्ही होतं, पण लोक किती खाली जातात यावर बचत ठरते. लांबलचक न्यूज फीडमध्ये बरेच जण वरूनच परत जातात, तिथे खालचे फोटो जातच नाहीत आणि बचत भरपूर होते. आता ब्राउझरमध्येच आहे, इमेज टॅगमध्ये लोडिंगला लेझी लिहिलं की झालं. फक्त पानाच्या अगदी वरच्या मोठ्या फोटोला लावू नका, तो उशिरा येतो आणि पान संथ वाटतं.

१३. सीडीएन लावला की कॉम्प्रेस करायची गरज नाही, असं ऐकलंय.

सीडीएन, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर तुमच्या फाइलींच्या प्रती ठेवणारी सेवा, फक्त वाटप स्वस्त करतो आणि वाचकाच्या जवळून करतो, ४ एमबीचा फोटो ४ एमबीच राहतो, वाचकाचा डेटा तेवढाच जातो. खर्चाच्या बाजूने मात्र मोठा फरक आहे: क्लाउडफ्लेअर नेहमीच्या वेबसाइटच्या डेटाला प्रति जीबी पैसे लावत नाही, आणि अ‍ॅमेझॉनचा क्लाउडफ्रंट महिन्याला १ टीबीपर्यंत फुकट देतो. म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या एस३ बकेटमधून (क्लाउडवरच्या साठवणीतून) फोटो सरळ दाखवणारे लोक जे पैसे भरतात त्यातले बरेचसे नुसता क्लाउडफ्रंट पुढे ठेवला तरी वाचतात. दर बदलत असतात, ठरवायच्या आधी त्यांच्या पानावर बघून घ्या.

सर्व्हर एकाच पत्त्यावर कोणाला वेबपी आणि कोणाला जेपेग देत असेल तर सीडीएन पहिला आलेला जपून ठेवतो आणि सगळ्यांना तोच देतो, मग जुन्या फोनवर फोटो तुटलेले दिसतात. त्यापेक्षा प्रश्न ६ मधला पिक्चर टॅग बरा, त्यात प्रत्येक फॉरमॅटचा पत्ता वेगळा असतो.

१४. तोच वाचक रोज येतो, त्याला रोज तोच लोगो पाठवायचा का?

नाही. सर्व्हर फोटोबरोबर पाठवतो त्या कॅश-कंट्रोल हेडरमध्ये मॅक्स-एज ३१५३६०००, म्हणजे सेकंदांत एक वर्ष, लिहा, फोटो त्याच्या फोनमध्येच राहतो. अडचण एवढीच की नंतर त्याच नावाचा नवा फोटो टाकलात तर जुन्या वाचकाला जुनाच दिसत राहणार, म्हणून बदललेल्या फोटोचं नावच बदलायचं.

१५. कॉम्प्रेस केल्यावर रंग फिके पडले, काही फोटो आडवेच झाले. टूल खराब आहे का?

टूलने फोटोच्या आतली जास्तीची माहिती काढून टाकली, बहुतेक हेच झालंय. मोबाइल बरेचदा फोटो आडवाच साठवतो आणि "दाखवताना फिरव" एवढी खूण लिहितो, खूण गेली की फोटो आडवा. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ या मोठ्या रंगपट्ट्यात असतात, ते सांगणारं प्रोफाइल नुसतं काढलं तर ब्राउझर रंग चुकीचे वाचतो आणि फोटो फिका दिसतो. म्हणून आधी फोटो खरोखर फिरवून घ्या, रंग वेबवरच्या नेहमीच्या एसआरजीबी रंगपट्ट्यात बदलून घ्या, आणि मग माहिती काढा. काढायची मात्र नक्की, कारण त्यात जीपीएसचा ठिकाणाही असतो, घरातल्या फोटोबरोबर घराचा पत्ता जगाला द्यायची गरज नाही. फोटोग्राफरचं नाव आणि कॉपीराइट तेवढं ठेवा, त्याला काही बाइटच लागतात.

१६. सर्व्हरवर जीझिप चालू आहे, फोटोंना पण लावू का?

नको. जीझिप फाइल पाठवताना दाबतो, पण जेपेग, पीएनजी, वेबपी आतून आधीच दाबलेले असतात, परत दाबून काही मिळत नाही, उलट सीपीयू जातो. एसव्हीजीला मात्र जरूर लावा. फोटो बेस६४ करून (म्हणजे अक्षरांत बदलून) पानातच घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने तो ३३ टक्के वाढतो आणि वेगळा कॅशही होत नाही.

१७. हलत्या गिफ फाइली ८-१० एमबीच्या आहेत, त्या कशा कमी करू?

गिफ १९८७ चा, २५६ रंगांचा, हलत्या चित्रांसाठी फारच उधळा. एफएफएमपेग या टूलने एमपी४ व्हिडिओ करा आणि व्हिडिओ टॅगमध्ये म्यूट, लूप, ऑटोप्ले आणि प्लेज-इनलाइन लावा. दिसतं तसंच, वजन बरेचदा दहाव्या हिश्श्यावर येतं.

१८. दुसऱ्या साइट आमचे फोटो थेट आमच्या सर्व्हरवरून दाखवतात. थांबवता येतं का?

येतं, सर्व्हरवर रेफरर, म्हणजे फोटो कुठल्या पानावरून मागितला ते, तपासून. पण रेफरर रिकामा असलेल्यांना अडवू नका, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकल्यावर येणारा छोटा फोटो बंद पडू शकतो, आणि मराठी न्यूज साइटचे कितीतरी वाचक तिथूनच येतात. गूगललाही परवानगी द्या.

१९. सगळं केलं, तरी बिल तेवढंच. आता काय?

परत लॉगमध्ये जा, यावेळी फाइलऐवजी कोण मागतंय ते बघा. सर्च इंजिनचे आणि एआय कंपन्यांचे क्रॉलर, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्राम, एकेका साइटचे सगळे फोटो परत परत उतरवतात, हे बिल खरे वाचक न वाढताही वाढतं. जे उपयोगाचे नाहीत त्यांना साइटवरच्या रोबोट्स (robots.txt) फाइलमध्ये नाही म्हणा, न ऐकणाऱ्यांना फायरवॉलवर थांबवा. मग हे तपासा की नवे वेबपी बनले पण लेखांमध्ये अजून जुन्या जेपेगचाच पत्ता आहे का, फार वेळा तसंच निघतं. पीडीएफ अंक, ऑडिओ, सर्व्हरवर ठेवलेले व्हिडिओ यांचे आकडे वेगळे काढा, कारण एका दिवाळी अंकाची ६० एमबीची पीडीएफ हजार जणांनी उतरवली की ६० जीबी गेले, तिथे लेखातले फोटो कितीही दाबले तरी फरक पडणार नाही. त्या पीडीएफच्या आतले फोटो १५० डीपीआयला आणून परत एक्सपोर्ट करा, छपाईची प्रत वेगळी ठेवा.

२०. कॉम्प्रेस केल्यावर मूळ फोटो उडवले तर चालतील?

सर्व्हरवरून उडवा, पण त्याआधी हार्ड डिस्कवर आणि अजून एका ठिकाणी कॉपी करून ठेवा. पाच वर्षांनी नवीन फॉरमॅट येईल, स्क्रीन मोठ्या होतील, तेव्हा १२०० पिक्सेलच्या दाबलेल्या फोटोतून काही परत काढता येत नाही. गावच्या जत्रेचे, जुन्या वाड्याचे, आता हयात नसलेल्या माणसांचे फोटो असतील तर मूळ फाइल कुठल्याही बिलापेक्षा मोलाची आहे, ती साइटसाठी आहे म्हणून साइटच्या मापाची करून ठेवू नका.